कॉन्सर्ट पोस्टर 'लिमिटेड' कोणी केलं?

हा आजच्या भागाचा लेखी उतारा. ज्यांना ऐकायचंय त्यांनी वरचं बटण दाबा, आणि ज्यांचे इयरफोन बॅगेच्या तळाशी हरवलेत त्यांनी खुशाल वाचा. बोललेलं जवळपास तसंच ठेवलंय. फक्त माझे "अं" आणि "म्हणजे कसंय की" थोडे कमी केलेत.

आजचा विषय एका श्रोत्याच्या मेसेजमधून आला. नाव सांगत नाही, मेसेज वाचतो: "दादा, जानेवारी २०२५ मध्ये डी. वाय. पाटील स्टेडियमला कोल्डप्ले बघितलं, तेव्हापासून डोक्यात खूळ शिरलंय. मला लिमिटेड एडिशन कॉन्सर्ट पोस्टरं जमवायची आहेत. नुकतीच नोकरी लागलीय, दहा हजार बाजूला काढलेत. काय घेऊ? आणि फसणार तर नाही ना?"

मी या छंदात चार वर्षं आहे. दिवसा कोड लिहितो, रात्री पोस्टरं बघत बसतो. तीन भिंतीवर आहेत, नऊ पलंगाखाली सपाट ठेवलीत. तज्ज्ञ वगैरे काही नाही. पण हा प्रश्न मला बऱ्याच जणांनी विचारलाय, आणि दर वेळी मी एकच उलटा प्रश्न विचारतो: लिमिटेड म्हणजे काय, आणि ते लिमिटेड कोणी केलं?

कारण बघा, साठ वर्षांपूर्वीची पोस्टरं आज दुर्मीळ आहेत, ती बहुतेकांनी फाडली, भिजवली, फेकून दिली म्हणून. आजची पोस्टरं दुर्मीळ आहेत, कारण छापायच्या आधीच कोणीतरी ठरवलं की तीनशेच काढायची. दोन्हींवर चिकटवलेला शब्द एकच, पण तुमचे दहा हजार दोन अगदी वेगळ्या गोष्टींसाठी जातात. एकातून दुसरं कसं झालं, तो इतिहास आज सांगतो. शेवटी दहा हजारांकडे येऊच.

खांबावरचा कागद

सुरुवात अमेरिकेत, टेनेसी राज्यातल्या नॅशव्हिल शहरात. १८७९ साली चार्ल्स आणि हर्बर्ट हॅच या दोन भावांनी तिथे छापखाना काढला. पुढे तो 'हॅच शो प्रिंट' म्हणून प्रसिद्ध झाला. लाकडात कोरलेली मोठी मोठी अक्षरं, त्यांवर शाई, वर कागद, दाब. सर्कस, फिरत्या मंडळ्या आणि नंतर कंट्री संगीताचे कार्यक्रम यांची पोस्टरं तिथून निघत. हा छापखाना आजही चालू आहे, आणि आजही लाकडी अक्षरांनीच छापतो.

१९२९ मध्ये बाल्टिमोर शहरात 'ग्लोब पोस्टर' सुरू झालं. सोल आणि आर अँड बी गायकांची भडक, डोळ्यांत घुसणाऱ्या रंगांची पोस्टरं म्हणजे त्यांची ओळख.

या पोस्टरांचं काम एकच. कोण, कुठे, कधी आणि तिकीट किती, हे रस्त्यावरून जाणाऱ्याला एका नजरेत कळलं पाहिजे. आपल्याकडच्या नाटकाच्या बोर्डासारखंच. प्रयोग झाला की बोर्ड पुसायचा आणि पुढच्या प्रयोगाचं नाव लिहायचं. तो घरी नेऊन फ्रेम करावा असं कोणाच्या मनातही येत नाही. त्या काळात कॉन्सर्ट पोस्टरही तसंच होतं. त्यावर पुढचं पोस्टर चिकटवलं जायचं, पावसात लगदा व्हायचा. जी उरली ती योगायोगाने उरली. कोणाच्या गॅरेजच्या भिंतीत भराव म्हणून, कोणाच्या कपाटाच्या तळाशी अस्तर म्हणून.

म्हणून त्या काळातल्या पोस्टरच्या मागे टाचण्यांची भोकं, चिकटपट्टीचे पिवळे डाग, घड्या दिसल्या तर दचकू नका. त्याने रस्त्यावर आपलं काम केलंय, त्याच्या त्या खुणा आहेत. उलट शंभर वर्षांपूर्वीचं म्हणून कोणी कोरंकरकरीत पोस्टर दाखवलं, तर मात्र दोन प्रश्न जास्त विचारा.

सॅन फ्रान्सिस्को, १९६६

आता पश्चिम किनाऱ्यावर जाऊ. १९६६ चं सॅन फ्रान्सिस्को. तरुण पोरं, लांब केस, नवीन बँड, आणि दोन आयोजक.

पहिला बिल ग्रॅहम. १९३१ साली बर्लिनमध्ये ज्यू कुटुंबात जन्म. नाझींपासून वाचवण्यासाठी लहानपणीच घरापासून दूर फ्रान्सला पाठवलेला, तिथून अमेरिकेला पोहोचलेला मुलगा. आई आउशवित्झमध्ये गेली. न्यूयॉर्कच्या ब्राँक्समध्ये एका कुटुंबाने त्याला वाढवलं. हा माणूस सॅन फ्रान्सिस्कोत फिलमोर ऑडिटोरियम चालवायला लागला. शिस्तीचा, हिशेबाचा पक्का, आरडाओरडा करणारा.

दुसरा चेट हेल्म्स. टेक्सासहून आलेला, मऊ स्वभावाचा. 'फॅमिली डॉग' या नावाने अ‍ॅव्हलॉन बॉलरूममध्ये कार्यक्रम करायचा. जॅनिस जॉप्लिनला टेक्सासहून इकडे आणणारा तोच.

दोघांनाही जवळपास दर आठवड्याला पोस्टर लागायचं. आता विचार करा, दर आठवड्याला नवीन डेडलाइन, पैसे थोडे, आणि ग्राहक म्हणतोय, "मला मागच्या आठवड्यासारखं नको." आमच्या धंद्यात याला स्प्रिंट म्हणतात. तिथे यातून एक नवी कला उभी राहिली.

वेस विल्सन हा एका छापखान्यात काम करणारा चित्रकार. १९६५ च्या शेवटी बर्कलीच्या विद्यापीठात जर्मन पोस्टरांचं एक प्रदर्शन झालं होतं. त्याच्या कॅटलॉगमध्ये त्याला व्हिएन्नाच्या आल्फ्रेड रोलर या कलाकाराची अक्षरं दिसली. ठोकळ्यासारखी, एकमेकांत गच्च बसवलेली, जागा न सोडणारी. विल्सनने ती अक्षरं घेतली आणि वितळवली. ज्वाळेसारखी, लाटेसारखी. परिणाम असा की पोस्टर वाचायला माणसाला थांबावं लागायचं. नॅशव्हिलचा नियमच त्याने उलटा केला. एका नजरेत कळू नये, हाच हेतू.

व्हिक्टर मोस्कोसो येल विद्यापीठात जोसेफ आल्बर्स या रंगशास्त्राच्या मोठ्या शिक्षकाकडे शिकलेला. आल्बर्सच्या वर्गात कुठले रंग शेजारी ठेवले की डोळ्याला त्रास होतो ते कळलं, आणि मोस्कोसोने मुद्दाम तेच रंग शेजारी ठेवले. लाल आणि निळा सारख्याच तीव्रतेचे घेतले की त्यांची सीमारेषा थरथरल्यासारखी दिसते. मोबाइलच्या पडद्यावर बघितलं तरी जाणवतं. कागदावर तर विचारू नका.

स्टॅन्ली माउस आणि ऑल्टन केली ही जोडी. यांचं सर्वांत गाजलेलं काम म्हणजे सप्टेंबर १९६६ च्या ग्रेटफुल डेड बँडच्या कार्यक्रमाचं पोस्टर. गुलाबांचा मुकुट घातलेला सांगाडा. तुम्ही हा सांगाडा टी-शर्टवर शंभर वेळा पाहिला असेल. पण तो मुळात या दोघांनी काढलेला नाही. एडमंड सलिव्हन या इंग्रज चित्रकाराने उमर खय्यामच्या रुबायांच्या १९१३ च्या आवृत्तीसाठी तो काढला होता. माउस आणि केलीला ते पुस्तक शहराच्या सार्वजनिक वाचनालयात सापडलं. त्यांनी रंग दिले, अक्षरं रचली, आणि तो सांगाडा एका बँडची कायमची ओळख झाला. सलिव्हन त्याआधीच, १९३३ मध्ये वारला होता.

पाचवा रिक ग्रिफिन, सर्फिंगच्या मासिकात व्यंगचित्रं काढणारा. फेब्रुवारी १९६८ मध्ये जिमी हेंड्रिक्सच्या कार्यक्रमासाठी त्याने केलेला पंखवाला, उडता डोळा आजही जमवणाऱ्यांच्या यादीत अगदी वर असतो.

या पाच जणांना पुढे 'बिग फाइव्ह' म्हणायला लागले. त्या यादीत बॉनी मॅक्लीनचं नाव नाही, याचं मला दर वेळी आश्चर्य वाटतं. ती ग्रॅहमची सहकारी आणि पुढे पत्नी. फिलमोरमधले फळे रंगवायची. विल्सन निघून गेल्यावर फिलमोरच्या पोस्टरांचा भार तिनेच उचलला आणि तीसेक पोस्टरं केली. नवीन जमवणाऱ्यांनी तिची कामं जरूर बघा.

लोक कागद चोरायला लागले तेव्हा

मग एक मजेशीर गोष्ट घडली. लावलेली पोस्टरं लोक काढून घरी न्यायला लागले. जाहिरात म्हणून हे अपयश आहे, खांबावर काही उरतच नाही! पण ग्रॅहमच्या लक्षात आलं की लोकांना कागदच हवाय. कार्यक्रमाला येणाऱ्यांना पोस्टर फुकट वाटायची प्रथा यातून पडली. फिलमोरमध्ये आजही तिकिटं संपलेल्या बऱ्याच कार्यक्रमांनंतर बाहेर पडताना पोस्टर हातात मिळतं, आणि दाराशी सफरचंदांची टोपलीही असते.

फुकट वाटता येतं, तर विकताही येतं. हॉलची क्षमता आहे तेवढीच, तारीख उलटून गेली की तिकीट विकता येत नाही. पोस्टर मात्र कार्यक्रम झाल्यावरही विकलं जातं. तेव्हा ही पोस्टरं ऑफसेट मशिनवर छापली जात. ऑफसेटमध्ये खर्च प्लेट तयार करण्यात असतो. एकदा प्लेट झाली की पुढची हजार प्रत स्वस्तात पडते. मग काय, गाजलेली पोस्टरं पुन्हा छापली, परत छापली, दुकानांतून विकली. सॅन फ्रान्सिस्कोच्या मूर गॅलरीत जुलै १९६७ मध्ये या पाच जणांचं एकत्र प्रदर्शन भरलं. १ सप्टेंबर १९६७ च्या 'लाइफ' मासिकाने पोस्टरांच्या या लाटेवर मोठा लेख छापला. दीड वर्षात खांबावरचा कागद देशभरच्या खोल्यांच्या भिंतींवर गेला.

आणि जिथे विक्री आली, तिथे हिशेब आला. हे पैसे कोणाचे?

वेस विल्सनने मे १९६७ च्या सुमारास ग्रॅहमचं काम सोडलं. कारण पैसेच. पोस्टर फेकायची वस्तू होती तोवर एकदाच मिळणारं मानधन ठीक होतं. तेच पोस्टर हजारोंनी विकलं जातंय म्हटल्यावर त्यातला वाटा कोणाचा, यावर दोघांचं जमलं नाही. ज्या माणसाने ही अक्षरं घडवली, तो वर्ष-दीड वर्षात बाहेर पडला.

मोस्कोसोने वेगळा रस्ता धरला. 'निऑन रोझ' नावाने त्याने स्वतःची मालिका काढली. मॅट्रिक्स नावाच्या छोट्या क्लबसाठी पोस्टर करायचं, क्लबला काही प्रती फुकट द्यायच्या आणि बाकीच्या विकायचा हक्क स्वतःकडे ठेवायचा. क्लबला जाहिरात मिळाली, चित्रकाराला माल. आज इंटरनेटवर स्वतःची पोस्टरं विकणारा प्रत्येक कलाकार थोडाफार याच वाटेने चालतोय.

ही गोष्ट लांबण लावून का सांगतोय? कारण पोस्टर विकत घेताना तुमचा पैसा नक्की कोणाकडे जातो, हा प्रश्न १९६७ मध्येच उभा राहिलाय. तो अजून तसाच आहे.

व्हर्जन नंबर

आता जमवणाऱ्यांच्या भाषेकडे येऊ. फॅमिली डॉगची मुख्य मालिका सुमारे दीडशे पोस्टरांची. तिला एफडी म्हणतात. ग्रॅहमची मालिका २८० हून जास्त, तिला बीजी. फिलमोर वेस्ट जुलै १९७१ मध्ये बंद झालं तिथे ती संपते. सांगाड्याचं पोस्टर म्हणजे एफडी-२६. उडता डोळा म्हणजे बीजी-१०५. दोन जमवणारे भेटले की चित्राचं वर्णन करत बसत नाहीत, आकडा बोलतात.

१९८७ मध्ये पॉल ग्रुशकिनचं 'द आर्ट ऑफ रॉक' हे जाडजूड पुस्तक आलं आणि विखुरलेली माहिती एका जागी आली. त्याच्या जोडीला एरिक किंग या जाणकाराने या पोस्टरांच्या वेगवेगळ्या छपायांची मार्गदर्शिका तयार केली. कुठली छपाई पहिली, कुठली दुसरी, कागद कसा, माप किती, कोपऱ्यातली बारीक ओळ कशी.

इथे माझ्यातला इंजिनिअर खूश होतो. कारण ही सगळी व्हर्जनची भानगड आहे. 'ओरिजिनल' किंवा 'फर्स्ट प्रिंटिंग' म्हणजे कार्यक्रमाच्या आधी, कार्यक्रमाची जाहिरात म्हणून छापलेली प्रत. त्यानंतर विक्रीसाठी छापलेली ती दुसरी, तिसरी खेप. काही पोस्टरांवर कोपऱ्यात मालिकेच्या क्रमांकापुढे खेपेचा छोटा आकडाही असतो. चित्र तेच, कलाकार तोच, बऱ्याचदा छापखानाही तोच. पण किमतीत जमीन-अस्मानाचा फरक. विक्रेता "साठच्या दशकातलं अस्सल" म्हणाला तर तो खोटं बोलतोय असं नाही. तिसरी खेपही साठच्या दशकातलीच असू शकते. म्हणून नेमकं विचारायचं: "ही कितवी छपाई? कशावरून?" दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर माप, कागद आणि बारीक मजकूर दाखवून मिळालं तर पुढे बोला.

आणि एक भिंग घ्या. सराफ वापरतात तसलं, दहापट दाखवणारं, दोन-तीनशे रुपयांत मिळतं. त्या काळातल्या हाताने रंग वेगळे केलेल्या पोस्टरात सपाट रंगाचा भाग भिंगाखाली सलग दिसतो. आज कोणी ते स्कॅन करून छापलं असेल, तर त्याच सपाट भागात रंगीत ठिपक्यांची जाळी दिसते. पण दोन गोष्टी लक्षात ठेवा. मूळ पोस्टरात फोटो असेल तर त्या भागात ठिपके असणारच. आणि जुन्याच प्लेटवरून काढलेली दुसरी खेप भिंगाने ओळखू येत नाही. तिथे मार्गदर्शिकाच उघडावी लागते.

अजून एक. ग्रॅहम १९९१ मध्ये हेलिकॉप्टर अपघातात गेला. त्याने जमवून ठेवलेला प्रचंड साठा पुढे २००३ मध्ये विकला गेला आणि त्यातून पोस्टरं बाजारात आली. म्हणजे योगायोगाने दुर्मीळ झालेली वस्तू एका गोदामाचं दार उघडल्यावर थोडी कमी दुर्मीळ होऊ शकते. जुन्या पोस्टराच्या एकूण प्रतींचा आकडा कोणाकडेच पक्का नसतो. "जगात फक्त इतक्याच उरल्यात" असं छातीठोक सांगणाऱ्यापासून चार हात लांब राहा.

पेन्सिलीने लिहिलेला आकडा

सत्तरीनंतर ही लाट ओसरली. पंकवाले आले, त्यांच्याकडे पैसे नव्हते, त्यांनी झेरॉक्स मशिनवर काळी-पांढरी पत्रकं काढली. टेक्सासमधल्या ऑस्टिन शहरात फ्रँक कोझिक हा माद्रिदमध्ये जन्मलेला तरुण असलीच पत्रकं चिकटवत फिरायचा. मग तो स्क्रीन प्रिंटिंगकडे वळला, आणि नव्वदच्या दशकात भडक रंगांची, कार्टूनसारखी, खोडसाळ पोस्टरं काढून त्याने हा सगळा प्रकार पुन्हा जिवंत केला. २०२३ मध्ये तो गेला.

स्क्रीन प्रिंटिंग तुम्हाला नवीन नाही. आपल्याकडे तालुक्याच्या गावातही लग्नपत्रिका नि टी-शर्ट त्यावर निघतात. लाकडी चौकटीवर ताणलेली जाळी, वरून शाई, रबराच्या पट्टीने ओढायची. एका रंगाला एक जाळी. पाच रंगांचं पोस्टर म्हणजे प्रत्येक कागद पाच वेळा मांडायचा, पाच वेळा ओढायचा, पाच वेळा वाळवायचा. तीनशे प्रती म्हणजे दीड हजार ओढी. काम संपलं की जाळी धुऊन पुढच्या कामाला लागते. मग प्लेट जपून ठेवून वर्षभराने अजून पाच हजार काढू, असं सहजासहजी होत नाही.

म्हणजे इथे 'लिमिटेड'ला मूळ कारण होतं मनगट. हात दुखायला लागले की आवृत्ती संपली! पेन्सिलीने खाली लिहायचं ४७/२५०, शेजारी सही. अडीचशेपैकी सत्तेचाळिसावी प्रत.

मग इंटरनेट आलं. २००१ मध्ये 'गिगपोस्टर्स' नावाची वेबसाइट सुरू झाली. जगभरचे पोस्टर करणारे तिथे आपली कामं चढवायचे, एकमेकांची बघायचे. २०१६ मध्ये ती बंद झाली. २००२ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत पहिलं 'फ्लॅटस्टॉक' भरलं. कलाकार स्वतः टेबल मांडून पोस्टरं विकतात, असा हा मेळा. पुढे तो ऑस्टिन, सिएटल, शिकागो आणि बार्सिलोनाच्या संगीत महोत्सवांत भरू लागला. घरबसल्या घेणारे आले, मागणी वाढली, आणि अडीचशे हा आकडा मनगट ठरवेनासं झालं. तो बाजार ठरवायला लागला.

आज फिश किंवा पर्ल जॅमसारख्या बँडच्या दौऱ्यात जवळजवळ प्रत्येक रात्रीचं वेगळं पोस्टर असतं, आणि ते घ्यायला लोक दार उघडायच्या आधी कित्येक तास रांगेत उभे राहतात. बऱ्याच वेळा कलाकाराला मानधनासोबत ठरावीक प्रती मिळतात. त्या तो नंतर स्वतःच्या साइटवर विकतो. याला 'ड्रॉप' म्हणतात. काही मिनिटांत खलास. आणि तासाभरात त्यातल्याच प्रती दुसऱ्या साइटवर तिप्पट भावाने दिसतात. वरचे दोन भाग जातात पटकन बटण दाबणाऱ्याच्या खिशात. चित्र काढणाऱ्याला त्यातलं काहीच मिळत नाही. १९६७ मध्ये विल्सन ज्यावरून उठून गेला तेच भांडण, फक्त ग्रॅहमच्या जागी आता नाव नसलेले शेकडो लोक आहेत.

मग दहा हजारांचं काय?

आता मित्रा, तुझ्याकडे येतो.

एक. पहिलं पोस्टर कलाकाराकडूनच घे. हयात असलेल्या, स्वतःच्या साइटवर विकणाऱ्या कलाकाराकडून. नवीन स्क्रीन प्रिंट साधारण ४० ते ८० डॉलरला मिळतं. पण परदेशातून नळीत गुंडाळून यायचं भाडं, वर कस्टम, हे धर. कधीकधी भाडं पोस्टराइतकंच होतं. म्हणजे दहा हजारांत एक येईल. एकच घे. यात नकली माल यायचा धोका जवळपास नाही, आणि पैसे काढणाऱ्याच्या हातात पडतात.

दोन. आवृत्तीचा आकडा बघताना बेरीज कर. एकच चित्र साध्या कागदावर ३००, चमकत्या फॉइलवर ५०, वेगळ्या रंगात १००, शिवाय 'एपी' म्हणजे कलाकाराने स्वतःसाठी ठेवलेल्या प्रती. फॉइलवालं "फक्त ५०" म्हणून विकलं जातं. पण ते चित्र जगात साडेचारशेहून जास्त घरांत आहे. तुला फॉइलच आवडत असेल तर जरूर घे. दुर्मीळ म्हणून घेत असशील तर आधी बेरीज.

तीन. ४७/२५० पेक्षा १/२५० भारी, असं काही नाही. कागद वाळल्यावर, गठ्ठे इकडचे तिकडे झाल्यावर आकडे टाकतात. छपाईचा क्रम त्यात राहत नाही.

चार. जुनंच हवं असेल तर पोस्टराऐवजी हँडबिल किंवा पोस्टकार्ड बघ. ग्रॅहम आणि हेल्म्स दोघेही पोस्टरचं तेच चित्र लहान आकारात छापून वाटायचे, पत्त्यांवर टपालाने पाठवायचे. त्याच काळातला कागद, तेच चित्र, किंमत पोस्टरच्या मानाने बरीच कमी. कधी कधी मागे पत्ता आणि टपालाचा शिक्का असतो. मला स्वतःला तो शिक्का चित्राइतकाच आवडतो. कोणाच्या तरी पेटीत तो कागद खरंच पडला होता.

पाच. लॅमिनेशन करू नको. फोटो फ्रेमवाला प्रेमाने सांगेल, "दादा, लॅमिनेट करून देतो, पन्नास वर्षं टिकेल." प्लास्टिक एकदा चिकटलं की परत निघत नाही आणि पोस्टराची किंमत तिथेच संपते. पुठ्ठ्यावर गोंदाने चिकटवणंही तसंच. आम्लमुक्त कागदाचा माउंट, समोर अतिनील किरण अडवणारं अ‍ॅक्रिलिक, आणि काच कागदाला टेकू द्यायची नाही.

सहा. आपला पावसाळा. मुंबई-कोकणात जून ते सप्टेंबर कागद हवेतलं पाणी पितो, फुगतो, फ्रेममध्ये लाटा येतात, मागून बुरशी धरते. बाहेरच्या भिंतीवर पोस्टर लावू नको, आतल्या भिंतीवर लाव. न लावलेली सपाट ठेव, सोबत सिलिका जेलच्या पुड्या, आणि दोन महिन्यांनी एकदा उघडून बघ. कसर लागली की ती आवृत्तीचा आकडा बघत नाही! समोरच्या खिडकीतून थेट ऊन येत असेल तर ती भिंतही नको. मोस्कोसोचे थरथरणारे रंग दोन उन्हाळ्यांत झोपी जातील.

आणि गुंतवणूक म्हणून विचारत असशील तर माझं उत्तर 'नको' असं आहे. जुन्या पोस्टरांची किंमत वाढली, कारण साठ वर्षं त्यांचा नाश होत राहिला. आजची पोस्टरं पहिल्या दिवसापासून नळीत, पाकिटात, सपाट कपाटात जपली जातायत. तीनशे छापली तर बहुतेक तीनशेही टिकतील. नाश झालाच नाही, तर ती दुर्मिळता येणार कुठून? पगारातले पैसे वाढवायचे असतील तर त्याला दुसऱ्या जागा आहेत. पोस्टर भिंतीवर लावायला घ्यायचं.

मग कुठलं घ्यायचं, ते मी नाही सांगणार. ज्या बँडचं गाणं लागलं की तू आवाज वाढवतोस, त्याच्या पोस्टरांपैकी जे दहा मिनिटं बघूनही कंटाळा येणार नाही, ते. विल्सनने अक्षरं वाकडी केली होती ती माणसाने थांबून बघावं म्हणून. पडद्यावर बोट सरकवता सरकवता ज्यापाशी थांबलास, त्याचा स्क्रीनशॉट काढ, आठवडाभर थांब, मग कलाकाराचं पान शोध.

तर मंडळी, इतकंच. तुमच्यापैकी कोणाकडे घरी जुनी पोस्टरं, पत्रकं, हँडबिलं असतील, मग ती ऑर्केस्ट्राची असोत नाहीतर गणेशोत्सवातल्या कार्यक्रमांची, तर पुढून-मागून दोन्हीकडून फोटो काढून पाठवा. मागची बाजू विसरू नका, बरीचशी गोष्ट तिथेच असते. भेटू पुढच्या भागात. तोवर ऐकत राहा.